बेलारूसी आणि स्वाहिली: तुलना नेमकी कोणत्या अंगाने करावी?

प्रश्न — निबंधार्थी

नमस्कार. मी भाषाविज्ञानाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला आहे आणि या सत्रात मला दोन भाषांची तुलना करणारा दीर्घ निबंध सादर करायचा आहे. त्या भाषा एकाच कुळातील नसाव्यात आणि त्यांपैकी एकही भारतातील नसावी, एवढीच अट आहे. मी बेलारूसी आणि स्वाहिली निवडल्या. या निवडीमागे फार मोठा विचार होता असे नाही. मावसबहीण बेलारूसमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन आली आणि शेजारच्या काकांची बरीच नोकरी टांझानियात झाली, त्यामुळे दोन्ही भाषांची प्राथमिक पुस्तके घरबसल्या हाती आली.

कच्चा आराखडा वाचून मार्गदर्शक बाईंनी विचारले, "एक स्लाव्ह, दुसरी बांटू, एक सिरिलिक लिपीत, दुसरी रोमन लिपीत, एकीत विभक्ती, दुसरीत नामवर्ग (नामांचे व्याकरणातील गट). हे कोणत्याही कोशात सापडते. यात तुमचे काय?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. भिन्नतेची यादी कितीही लांबवता येते, पण यादी म्हणजे तुलना नव्हे, हे मलाही पटते.

तेव्हा जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. या दोन भाषा एकाच मोजपट्टीवर ठेवता येतील असे व्याकरणातील एखादे अंग आहे का, आणि असल्यास मराठी भाषक म्हणून मला त्यात काही वेगळे दिसू शकेल का? दुसरे असे की, 'बेलारूसी ही आक्रसणारी भाषा आणि स्वाहिली ही विस्तारणारी भाषा' असे एक सरळ सूत्र मी शेवटच्या प्रकरणासाठी योजले आहे. ते कितपत टिकेल?

उत्तर १ — व्याकरणवेल्हाळ

पहिल्या प्रश्नापुरते लिहितो. नामवर्ग विरुद्ध लिंग ही तुलना बहुतेक जण करतात आणि ती चुकीचीही नाही; मात्र ती जरा पुढे न्यावी लागते. दोन्ही भाषांत वाक्यातील इतर पदे नामाकडे पाहून आपले रूप ठरवतात. स्वाहिलीत 'किताबु किप्या किमेआंगुका' म्हणजे नवे पुस्तक पडले आहे, आणि पुस्तके अनेक असतील तर 'विताबु विप्या विमेआंगुका'. नामाच्या आरंभीचा 'कि' किंवा 'वि' विशेषणाच्या आणि क्रियापदाच्याही आरंभी येऊन बसतो. 'किताब' हा शब्द मूळचा अरबी असून त्यातील 'कि' हा प्रत्यय नाहीच. पण स्वाहिलीने तो प्रत्यय मानला आणि अनेकवचन 'विताबु' केले. टांझानियात रस्त्यावरच्या वाहतूक बेटाला 'कीप लेफ्ट' या इंग्रजी पाटीवरून 'किप्लेफ्ती' म्हणतात, आणि अशी बेटे अनेक असली की 'विप्लेफ्ती'. व्यवस्था किती जिवंत आहे याचा याहून चांगला पुरावा शोधावा लागणार नाही.

बेलारूसीत हा मेळ शब्दाच्या शेवटी दिसतो आणि लिंगे आपल्यासारखीच तीन आहेत. 'नोवी आलोवाक' म्हणजे नवी पेन्सिल (तिकडे ती पुल्लिंगी), 'नोवाया क्निहा' म्हणजे नवे पुस्तक (स्त्रीलिंगी), 'नोवाये क्रेसला' म्हणजे नवी खुर्ची (नपुंसकलिंगी). विशेषण आपल्या 'नवा'चे सख्खे भावंड आहे, हे वेगळे सांगायला नको. आता हीच नामे 'पडली' असे म्हणून पाहा: पेन्सिल 'उपाऊ', पुस्तक 'उपाला' आणि खुर्चीही 'उपाला'. स्त्रीलिंग आणि नपुंसकलिंग एक झाले, कारण बेलारूसीत आघात (उच्चारातील जोर) नसलेला 'ओ' हा 'आ' होतो आणि तसाच लिहिलाही जातो. आघात शेवटावर असलेल्या क्रियापदांत मात्र हा भेद शाबूत आहे: ती गेली 'पाइश्ला', ते गेले 'पाइश्लो'. म्हणजे उच्चारातील एका नियमाने व्याकरणातील एक भिंत काही ठिकाणी पाडली आणि काही ठिकाणी उभी ठेवली. स्वाहिलीत आघात जवळजवळ नेहमी उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या, अक्षरावर ठरलेला असल्यामुळे असे काही घडायला वावच नाही.

अनेकवचनात आणखी गंमत आहे. बेलारूसीत विशेषणांचे आणि भूतकाळी क्रियापदांचे लिंगभेद अनेकवचनात नाहीसे होतात. स्वाहिलीत बहुतेक वर्गांची अनेकवचनाची स्वतंत्र खूण असते. आणि मराठीत आपण 'नवे वाडे पडले, नव्या भिंती पडल्या, नवी घरे पडली' असा भेद अजून सांभाळून आहोत. या एका बाबतीत मराठी बेलारूसीपेक्षा स्वाहिलीच्या जवळ बसते, आणि कुळाचे नाते पाहता हे अपेक्षेच्या उलट आहे.

तरीही निबंधाचा कणा म्हणून मी वेगळेच अंग सुचवीन, आणि ते म्हणजे कर्माचा सजीव-निर्जीव भेद. मराठीत आपण 'मी टेबल पाहिले' म्हणतो, पण 'मी भावाला पाहिले'. सजीव कर्म आले की 'ला' लागतो. बेलारूसीत 'या बाचू स्तोल' म्हणजे मला टेबल दिसते, आणि 'या बाचू ब्राता' म्हणजे मला भाऊ दिसतो. 'स्तोल' जसाच्या तसा राहिला, 'ब्रात'चा मात्र 'ब्राता' झाला, कारण पुल्लिंगी सजीव नामाची द्वितीया षष्ठीचे रूप घेते. स्वाहिलीत नामाला विभक्तीच नाही, तेव्हा तिथे हे व्हायचे कसे? तिथे काम क्रियापदाने उचलले आहे. 'निलिओना मेझा' म्हणजे मी टेबल पाहिले, पण 'निलिम्वोना काका' म्हणजे मी थोरल्या भावाला पाहिले. ('काका' हा तिकडे थोरला भाऊ, आपल्याकडच्या नात्यांशी त्याची गल्लत नको.) दुसऱ्या क्रियापदात मधेच आलेला 'म्व' हा त्या माणसाचा निर्देश आहे. निर्जीव वस्तूसाठीही असा निर्देश करता येतो, पण तो वस्तू आधीच ओळखीची असेल तेव्हा. माणूस असेल तर तो प्रायः हवाच.

एकच गरज तीन भाषांनी तीन ठिकाणी भागवली: मराठीने नामाला प्रत्यय जोडून, बेलारूसीने शेजारच्या विभक्तीचे रूप उसने घेऊन, स्वाहिलीने क्रियापदाच्या पोटात खूण ठेवून. याच अंगाने पुढे गेलात तर स्वाहिलीतील आणखी एक प्रकार हाताशी येईल. गेंड्याला 'किफारु' म्हणतात. रूपाने हे नाम 'कि' वर्गाचे, पण त्याचे विशेषण आणि क्रियापद माणसांच्या वर्गाचे चालतात, कारण गेंडा सजीव आहे. सजीवता इथे प्रत्ययावर मात करते.

एका सापळ्याबद्दल सावध करतो. बेलारूसी 'पाइश्ला' आणि मराठी 'गेली' यांतील 'ल' पाहून हे कुळाचे नाते आहे असे लिहिण्याचा मोह होईल. तसे लिहू नका. मराठी भूतकाळातील 'ल' प्राकृतातील 'इल्ल' प्रत्ययाकडे नेला जातो आणि स्लाव्ह भाषांतील 'ल' हा त्यांच्या जुन्या धातुसाधिताचा आहे. नाते दाखवायचेच असेल तर 'आहोन' आणि अग्नी, 'झिमा' आणि हिम, 'म्योद' आणि मध या जोड्या भक्कम आहेत.

उत्तर २ — नेमानकाठ

मी ग्रोड्नो येथे वैद्यकीय शिक्षण घेतले. बेलारूसीत त्या शहराला ह्रोद्ना म्हणतात; रशियन 'ग'च्या जागी बेलारूसीत घोष 'ह' येतो, हे मला पहिल्यांदा शहराच्या नावातच कळले. आमचे वर्ग इंग्रजीत, रुग्णांशी बोलणे रशियनमध्ये, बाजारहाटही रशियनमध्ये. बेलारूसी दिसायची ती नोटांवर आणि पाट्यांवर. मिन्स्कच्या मेट्रोत मात्र ती कानावर पडायची: दारे बंद होत आहेत, सावध राहा, अशी सूचना बेलारूसीत होते, आणि तिच्यातला 'द्झ्वेरी' म्हणजे दारे हा शब्द ऐकला की रशियनशी असलेला फरक लगेच कळतो. मऊ 'द'चा 'द्झ' आणि मऊ 'त'चा 'त्स' करण्याची ही लकब मराठी माणसाला जड जात नाही, कारण 'चाक' आणि 'जग' म्हणताना आपण जवळपास तेच करतो. फरक एवढाच की आपण दोन्ही प्रकारच्या 'च'साठी एकच अक्षर लिहितो, आणि तिथे ती वेगळी लिहिली जातात.

तुमच्या 'आक्रसणारी' या शब्दाला आकड्यांचा आधार आहे, पण आकडे नीट वाचावे लागतील. २०१९च्या जनगणनेत सुमारे ५४ टक्के लोकांनी बेलारूसी ही आपली मातृभाषा म्हणून नोंदवली आणि घरी ती बोलतो असे सुमारे २६ टक्के लोकांनीच सांगितले. या दोन आकड्यांमधली दरी हाच खरा विषय आहे. जी भाषा घरात बोलली जात नाही ती मातृभाषा म्हणून का नोंदवावीशी वाटते, याचे उत्तर व्याकरणात मिळणार नाही; ते इतिहासात आहे. १९२०च्या दशकात सोव्हिएत बेलारूसमध्ये बेलारूसी, रशियन, पोलिश आणि यिद्दिश (तिथल्या ज्यूंची भाषा) या चारही भाषांना राजमान्यता होती. पुढच्या दशकात वारे फिरले, आणि २९ ऑक्टोबर १९३७च्या रात्री मिन्स्कमध्ये अनेक कवी, लेखक आणि अभ्यासक गोळ्या घालून मारले गेले. १९९०च्या कायद्याने बेलारूसी ही एकमेव राजभाषा झाली आणि १९९५च्या सार्वमतानंतर रशियनला तिच्या बरोबरीचा दर्जा मिळाला. कागदावर बरोबरी असली तरी व्यवहारात पारडे कुठे झुकले, हे मी पाहिले आहे.

दोहोंची सरमिसळ असलेल्या बोलीला तिथे 'त्रास्यान्का' म्हणतात. मूळ अर्थ, गवत आणि पेंढा मिसळून केलेली वैरण. नावातच तिच्याविषयीचा अनादर आहे. शुद्ध बेलारूसी बोलणारा मात्र शहरात एकतर साहित्यिक समजला जातो किंवा त्याच्या बोलण्याला राजकीय भूमिकेचा वास लावला जातो.

उत्तर ३ — दर्यापलीकडे

दार-एस-सलाममधून लिहीत आहे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नातील सूत्राला माझा विरोध आहे, आणि तो थोडा सविस्तर मांडतो.

स्वाहिली विस्तारते आहे, यात शंका नाही. टांझानिया, केनिया आणि युगांडात ती राजभाषा आहे, रवांडाने २०१७मध्ये तिला तो दर्जा दिला, काँगोच्या पूर्व भागात ती सर्रास चालते, आणि युनेस्कोने ७ जुलै हा स्वाहिलीचा जागतिक दिन ठरवला आहे. परंतु ती मातृभाषा म्हणून बोलणारे लोक एकूण भाषकांच्या मानाने फार थोडे आहेत. बाकीच्यांनी ती शाळेत, बाजारात, बंदरावर आत्मसात केलेली असते. म्हणजे बेलारूसीचे चित्र बरोबर उलटे आहे: तिथे आपली म्हणणारे पुष्कळ आणि बोलणारे कमी, इथे बोलणारे पुष्कळ आणि जन्माने आपली म्हणणारे कमी. हे 'आक्रसणे आणि विस्तारणे' यापेक्षा अधिक टोकदार विधान आहे, असे मला वाटते.

पण खरी मेख पुढेच आहे. बेलारूसीचे नुकसान तिच्या वेगळेपणामुळे झाले नाही. रशियनशी असलेल्या जवळिकीने ते सोपे केले. शेजारची भाषा इतकी सारखी असली की माणूस नकळत घसरत जातो आणि कधी घसरला ते त्यालाही कळत नाही. आता टांझानियाकडे पाहा. येथे १२०हून अधिक भाषा आहेत आणि त्यांतील बहुसंख्य स्वाहिलीप्रमाणेच बांटू आहेत. गावाकडच्या माणसाला नामवर्गांची व्यवस्था मुळातच अवगत असते, त्यामुळे स्वाहिली शिकायला त्याला फार कष्ट पडत नाहीत. स्वाहिली कोणत्याही एका मोठ्या जमातीची नव्हती, म्हणून पहिले राष्ट्राध्यक्ष जूलियस न्येरेरे यांच्या काळात ती राष्ट्राची भाषा होण्यास विरोध झाला नाही. परिणाम असा की शहरात वाढलेली मुले आजीची भाषा समजतात, पण बोलत नाहीत. या लहान बांटू भाषांच्या दृष्टीने स्वाहिली ही बेलारूसीच्या जागी नाही. ती रशियनच्या जागी आहे. तुमच्या शेवटच्या प्रकरणात बेलारूसी आणि स्वाहिली समोरासमोर उभ्या केल्यात तर हे दिसणार नाही. रशियन-बेलारूसी ही एक जोडी आणि स्वाहिली-लहान बांटू भाषा ही दुसरी जोडी, अशा दोन जोड्या शेजारी ठेवल्यात तर दिसेल.

त्रास्यान्काच्या जोडीला नैरोबीची 'शेंग' ही मिश्र बोली ठेवता येईल. स्वाहिलीच्या सांगाड्यावर इंग्रजी आणि इतर स्थानिक भाषांतील शब्द बसवून ती बोलली जाते. तरुण ती ऐटीत बोलतात, जाहिरातींत ती चालते, शिक्षक मात्र तिच्यावर वैतागलेले असतात. दोन्ही मिश्रणेच, पण एक कमीपणाची खूण झाली आणि दुसरी तरुणाईची.

जाता जाता मराठी वाचकासाठी एक गोष्ट. येथे घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात वाजले की 'सा मोजा', म्हणजे एक वाजला. नवीन आलेला माणूस यामुळे हमखास भेटीची वेळ चुकवतो. 'गारी' म्हणजे गाडी, 'दुका' म्हणजे दुकान, 'बिमा' म्हणजे विमा आणि 'लाकी' म्हणजे लाख हे शब्द मात्र पहिल्याच आठवड्यात ओळखीचे होतात. ते हिंदी-गुजराती व्यापाऱ्यांच्या तोंडून आलेले आहेत, म्हणून त्यांचे श्रेय मराठीला देण्याची घाई कृपया करू नये.

निबंधार्थी

तिघांचेही मनःपूर्वक आभार. सजीव कर्माचे अंग व्याकरणासाठी आणि दोन जोड्यांची मांडणी समाजासाठी, असा आराखडा आता बाईंना दाखवणार आहे. लिपीवरचे प्रकरण मात्र 'सिरिलिक आणि रोमन' एवढ्यावरच आटोपते आहे. ते वगळू का?

उत्तर ४ — दप्तरखाना

वगळू नका, कारण तुमच्या दोन भाषांची प्रत्यक्ष गाठ पडते ती लिपीतच. या दोन्ही भाषा अरबी लिपीत लिहिल्या गेल्या आहेत.

स्वाहिलीचे तसे असणे अपेक्षितच आहे. किनाऱ्यावरचा समाज मुस्लिम होता आणि व्यापार अरबांशी होता. स्वाहिलीतील ज्ञात असलेले सर्वांत जुने लेखन म्हणजे १७११मध्ये किल्वा या आजच्या टांझानियाच्या किनाऱ्यावरील ठिकाणी लिहिलेली अरबी लिपीतील पत्रे. ती मोझांबिकमधील पोर्तुगीजांना आणि त्यांच्या स्थानिक मित्रांना पाठवलेली होती, आणि पोर्तुगीजांचा पूर्वेकडील कारभार गोव्यातून चालत असल्यामुळे ती आज गोव्याच्या पुराभिलेखागारात आहेत. तुमच्या निबंधाला मराठी मुलखाशी जोडणारा दुवा हवा असेल तर तो हा आहे, ओढूनताणून आणलेला नव्हे.

बेलारूसीचे प्रकरण अधिक अनपेक्षित आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून लिथुआनियाच्या महासंस्थानात (आजचा बेलारूस त्यातच होता) तातार हे मुस्लिम लोक वसले. काही पिढ्यांत ते आपली मूळ भाषा विसरले आणि भोवतालची स्लाव्ह भाषा बोलू लागले, पण धर्मग्रंथांची लिपी त्यांनी सोडली नाही. सोळाव्या शतकापासून त्यांनी बेलारूसीतील धार्मिक मजकूर अरबी लिपीत लिहिला. त्या हस्तलिखितांना 'किताब' म्हणतात. म्हणजे जो शब्द स्वाहिलीत नामवर्गात जाऊन बसला, तोच येथे ग्रंथप्रकाराचे नाव झाला.

लिपी एक असली तरी अडचणी वेगळ्या होत्या, आणि तुलनेला खरे खाद्य तेथे आहे. स्वाहिलीला पाच स्वर हवे होते आणि अरबी स्वरचिन्हे तीनच; त्यामुळे 'इ' आणि 'ए', 'उ' आणि 'ओ' यांतील फरक वाचणाऱ्याने संदर्भावरून लावायचा असे, आणि पुढे लेखकांनी त्यासाठी चिन्हे योजली. बेलारूसी लिहिणाऱ्यांना 'द्झ' आणि 'त्स' या व्यंजनांची उणीव भासली. त्यांनी अरबी अक्षरांखाली तीन टिंबे देऊन नवी अक्षरे घडवली. चर्चच्या लेखनपरंपरेचे ओझे या लेखकांवर नव्हते, म्हणून जसे बोलत तसे ते लिहीत, आणि म्हणूनच जुन्या उच्चारांच्या अभ्यासकांना हे किताब मोलाचे वाटतात. सिरिलिकमधील मुद्रणाचा इतिहास तुम्हाला कुठेही मिळेल: पोलोत्स्कचा मुद्रक फ्रान्त्सिस्क स्कारिना, प्राग, १५१७. तो एका परिच्छेदात उरकला तरी चालेल.

आणखी एक जोड, लिपीशी संबंध नसला तरी. बेलारूसच्या स्वेतलाना अलेक्सियेविच यांना २०१५चे आणि आज टांझानियात असलेल्या झांझिबारमध्ये जन्मलेले अब्दुलरझाक गुर्ना यांना २०२१चे साहित्याचे नोबेल मिळाले. पहिल्या लेखन करतात रशियनमध्ये, दुसरे इंग्रजीत. श्री. दर्यापलीकडे यांनी मांडलेल्या दोन जोड्यांत ही माहिती कुठे बसते, याचा विचार करून पाहावा.

उत्तर ५ — व्याकरणवेल्हाळ

दप्तरखाना यांच्या उत्तराला पुरवणी म्हणून एक व्यावहारिक सूचना. बेलारूसीच्या दोन वर्तनी प्रचलित आहेत. एक ब्रानिस्लाव ताराश्केविच यांच्या १९१८च्या व्याकरणावर उभी आहे आणि दुसरी १९३३च्या सरकारी सुधारणेतून आलेली आहे. विकिपीडियाच्याही या दोन वर्तनींतील दोन स्वतंत्र आवृत्त्या आहेत, आणि परदेशस्थ बेलारूसी लोकांचे लेखन बहुधा जुन्या वर्तनीत असते. स्वाहिलीचे प्रमाणरूप १९२८च्या मोंबासा परिषदेत झांझिबारच्या बोलीवर ठरवले गेले, पण मोंबासाच्या किंवा लामूच्या जुन्या कवितांतील उदाहरणे त्या प्रमाणरूपाशी जुळत नाहीत. मावसबहिणीकडचे पुस्तक बहुधा सरकारी वर्तनीतले आणि काकांकडचे टांझानियातील प्रमाण स्वाहिलीचे असेल. उदाहरणे त्यांतूनच घ्या, आणि इतर ठिकाणचे वाक्य घेतलेच तर ते कोणत्या वर्तनीतले किंवा बोलीतले आहे हे त्याच ओळीत नोंदवा.